टेकडी की गावठाण: सातपुड्यातल्या एका मोबाइल टॉवरच्या परवानग्यांचं प्रकरण

हे प्रकरण नंदुरबार जिल्ह्यातल्या एका गावाचं आहे. गावाचं, माणसांचं आणि कार्यालयांचं नाव मुद्दाम गाळलं आहे, कारण दोष कुणा एका टेबलाचा नव्हता. परवानग्यांचं काम ज्या चमूकडे होतं त्यात मी होतो, त्यामुळे कागद कुठे अडला आणि का अडला हे जवळून पाहता आलं.

पार्श्वभूमी

गाव सातपुड्यात, नर्मदेच्या अंगाला. एक गावठाण आणि डोंगरावर विखुरलेले सहा पाडे. गावठाणापर्यंत डांबरी रस्ता येतो, पुढे पायवाट. मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त एका टेकडीच्या कड्यावर, तीही गुजरातच्या बाजूच्या टॉवरची. रेशन दुकानदार महिन्याच्या वाटपाच्या दिवसांत ई-पॉस मशीन पिशवीत घालून त्या कड्यावर बसायचा. माणसं तिथे चढून अंगठा द्यायची आणि धान्यासाठी परत खाली दुकानात यायची. म्हातारी माणसं वर चढू शकत नसत, तेव्हा त्यांच्या घरातलं दुसरं कुणी जायचं. त्याचा अंगठा जुळला तर ठीक, नाही जुळला तर चक्कर फुकट.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्यानंतर रेशन, रोजगार हमी, अंगणवाडी असं एकेक काम मोबाइलवर येत गेलं. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून ॲपवर फोटो काढून लावणं सक्तीचं झालं. रेंज नसलेल्या पाड्यावर या सगळ्याचा अर्थ मजुरी आणि धान्य अडणं असा होतो. १०८ ला फोन करायलाही आधी कुणाला तरी कड्याकडे पळावं लागायचं.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित (म्हणजे विकासात मागे राहिलेले म्हणून केंद्राने निवडलेल्या) जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांना ४जी पोहोचवायला मंजुरी दिली. महाराष्ट्रातले नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचं उस्मानाबाद हे जिल्हे त्यात होते. जुलै २०२२ मध्ये देशभरातल्या उरलेल्या गावांसाठी २६,३१६ कोटींची आणखी मोठी योजना आली. आमचं गाव यादीत होतं आणि पैशाची अडचण नव्हती. टॉवरला जागा लागणार होती साधारण २०० चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठे.

अडचण

२०२३ चा पावसाळा संपल्यावर सर्वेक्षणाचं पथक आलं. त्यांनी पसंत केली ती रेशनवाल्याचीच टेकडी. तांत्रिकदृष्ट्या निवड चोख होती. तिथून सहाही पाडे दिसत होते आणि तालुक्याच्या दिशेचा आधीचा टॉवरही थेट नजरेत होता. त्यामुळे जोडणी मायक्रोवेव्हवर, म्हणजे टॉवर ते टॉवर बिनतारी झाली असती, केबल टाकायची गरजच पडली नसती.

सातबाऱ्यावर तो गट गायरान म्हणून नोंदलेला होता. म्हणून २०२४ च्या सुरुवातीला महसूलकडे जागेची मागणी गेली. तहसीलने वनविभागाचे अभिप्राय मागवले. वनविभागाने कळवलं की त्यांच्या नकाशाप्रमाणे ही जागा राखीव वनाच्या कक्षात येते. महसूलने उलट विचारलं की मग सातबाऱ्यावर वन अशी नोंद का नाही. या पट्ट्यात पूर्वीची वनगावं पुढे महसुली झाली, पण दोन्ही खात्यांचे नकाशे सगळीकडे एकमेकांशी जुळलेले नाहीत. जुळवणं हे कुणाचंच ठरलेलं काम नव्हतं.

तेवढ्यात १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. नंदुरबारचं मतदान १३ मे रोजी होतं, तोवर महसूलची माणसं निवडणुकीत अडकली. मग पाऊस. मग ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता. फाईल नाकारली गेली नाही आणि मंजूरही झाली नाही, ती ‘अभिप्रायार्थ’ फिरत राहिली.

इथे कायद्यात मुदत नव्हती का? होती. २०१६ च्या मार्गाधिकार नियमांत, म्हणजे टॉवर आणि केबलसाठी जागा वापरू देण्याच्या नियमांत, सरकारी यंत्रणेने ६० दिवसांत निर्णय द्यायचा होता. नाकारायचं तर कारणं लेखी द्यायची आणि त्याआधी अर्जदाराचं म्हणणं ऐकून घ्यायचं, मुदतीत काहीच कळवलं नाही तर मंजुरी मिळाली असं मानायचं. पण ही मुदत मालक असलेल्या यंत्रणेवर चालते. आमच्या जागेचा मालक कोण हेच ठरलेलं नव्हतं. महसूल म्हणणार जागा वनाची, वन म्हणणार अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही. मुदत कितीही कमी केली तरी या प्रकारच्या अडवणुकीला ती लागू पडत नाही, असं माझं या प्रकरणानंतर ठाम मत झालं आहे.

संयुक्त पाहणी

कोंडी फुटली ती २०२५ च्या फेब्रुवारीत. दूरसंचार कायदा २०२३ खालचे नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले होते. त्यानिमित्ताने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दूरसंचार समितीत अडलेल्या जागांची यादी वाचली गेली. समितीने पत्रव्यवहार थांबवून दोन्ही खात्यांना एकाच दिवशी जागेवर जायला सांगितलं.

त्या दिवशी तलाठीभाऊंनी गावनकाशाची ट्रेसिंग आणली होती, वनरक्षकाच्या हातात जीपीएस आणि कक्षाचा नकाशा. ग्रामपंचायतीचा शिपाई आणि पोलीस पाटील सोबत. दोन्ही नकाशांची मापं वेगळी, त्यामुळे कागदावर कागद ठेवून काही उलगडेना. शेवटी पोलीस पाटलांनीच सांगितलं, ‘‘साहेब, बुरूज बघा ना, आमच्या वडिलांच्या वेळचा आहे.’’ टणटणीच्या झुडपात दगड रचलेला वनहद्दीचा बुरूज होता. विळ्याने झुडूप साफ केलं, वनरक्षकाने तिथला बिंदू घेतला आणि पुढच्या बुरुजाकडे चालत गेला. तासाभरात चित्र स्पष्ट झालं. टेकडीचा माथा वनाच्या आत होता. खालच्या अंगाला, शाळेमागची गावठाणाला लागून असलेली सपाटी मात्र निर्विवाद महसूलची होती.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी कळली. माथ्याच्या एका कडेला वरच्या पाड्यातल्या एका कुटुंबाचा वनहक्काचा दावा प्रलंबित होता. ती गोष्ट कुठल्याच फाईलमध्ये आलेली नव्हती. वनरक्षकाला माहीत होती, पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पंचनामा जागेवरच लिहिला, सगळ्यांच्या सह्या तिथेच घेतल्या. वर्षभराच्या पत्रव्यवहाराने जे झालं नव्हतं ते अर्ध्या दिवसात झालं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, माथ्यावरच टॉवर आणि त्यासाठी वन संवर्धन कायद्याखालचा पूर्ण प्रस्ताव. यात आधी तत्त्वतः आणि मग अंतिम अशी दोन टप्प्यांची मंजुरी असते. दोन गुंठ्यांसाठी तो मार्ग धरणं कुणालाच पटत नव्हतं.

दुसरा पर्याय, माथाच, पण वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) खाली. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ते अशा १३ सुविधांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत. हा निर्णय उपवनसंरक्षक पातळीवर होतो. आमची जागा ०.०२ हेक्टर होती आणि तोडायला एकही झाड नव्हतं. अडचण शब्दांची. यादीत ‘विद्युत आणि दूरसंचार वाहिन्या’ असं आहे. टॉवर म्हणजे वाहिनी का, यावर वनकार्यालयाला वरून मार्गदर्शन हवं होतं, आणि तो हट्ट नव्हता. खाली सही करणाऱ्या अधिकाऱ्यालाच उद्या चौकशीला तोंड द्यावं लागतं. शिवाय प्रलंबित दावा होता. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत दावेदाराला वनजमिनीवरून हटवता येत नाही, असं त्याच कायद्याचं कलम ४(५) सांगतं.

तिसरा पर्याय, शाळेमागची सपाटी. जागा महसूलची, म्हणजे टॉवरच्या जागेला वनाचा प्रश्न नाही. पण तिथून आधीचा टॉवर दिसत नव्हता, म्हणजे रस्त्याच्या कडेने सुमारे नऊ किलोमीटर फायबर आणावं लागणार. आणि सहापैकी दोन पाडे डोंगराच्या आड जाणार.

हा निर्णय चमूने बंद खोलीत घेतला असता तर तिसरा पर्याय पाच मिनिटांत ठरला असता. आड जाणाऱ्या दोन पाड्यांचं म्हणणं मात्र वेगळं असणार होतं आणि ते समोर येणं गरजेचं होतं.

ग्रामसभा कधी घ्यायची

वनहक्काच्या ग्रामसभेला एकूण सदस्यांपैकी निम्म्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला लागतात. दिवाळीनंतर या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला आणि बांधकामावर गुजरातेत जातात. फेब्रुवारीत सभा बोलावली असती तर गणपूर्ती झालीच नसती. होळीला मात्र माणूस कुठेही असला तरी गावी येतो. २०२५ ची होळी १३ मार्चला होती. सभा त्याच आठवड्यात, भोंगऱ्याचा बाजार (होळीआधीचा आदिवासींचा बाजार) आणि होळी यांच्या मधल्या दिवशी घ्यायची, असा सल्ला ग्रामसेवकांनी दिला. या पूर्ण प्रकरणात वेळेचा सर्वांत अचूक अंदाज त्यांचा होता.

सभा शाळेच्या पटांगणात झाली. वरच्या पाड्यातले एक कारभारी उभे राहिले. त्यांनी टॉवरला विरोध केला नाही. ते म्हणाले, ‘‘रेंज आमच्याच टेकडीवर आहे म्हणून सगळं गाव आमच्या दारातून जातं. आता टॉवर खाली नेता, तर आम्ही मोबाइल घेऊन कुठे जायचं?’’ त्यावर कुणाकडे लगेच उत्तर नव्हतं.

बराच वेळ बोलणं झाल्यावर दोन ठराव झाले. मुख्य टॉवर शाळेमागे. आणि त्याच दिवशी, त्याच सभेत, आड पडलेल्या पाड्यांसाठी माथ्यावर छोट्या उंचीच्या खांबाकरिता कलम ३(२) खाली वेगळी शिफारस, दाव्याची हद्द सोडून. दुसरा ठराव नंतर घेऊ असं कुणीतरी सुचवलं होतं. तो तेव्हाच घेतला हे फार महत्त्वाचं ठरलं, कारण अशी गणपूर्ती पुढच्या होळीपर्यंत पुन्हा झाली नसती.

रस्त्याची परवानगी

जागेचा आदेश एप्रिलमध्ये निघाला. आता फायबर.

नव्या नियमांत सरकारी यंत्रणेला ६७ दिवस आहेत, त्यानंतर मानीव मंजुरी. सार्वजनिक बांधकामकडे अर्ज मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातच केला होता. रस्त्याचा काही भाग जंगलातून जातो. पण अस्तित्वातल्या रस्त्याच्या हद्दीत, झाड न तोडता, दोन मीटरपेक्षा कमी खोल आणि एक मीटरपेक्षा कमी रुंद चरातून फायबर टाकायला, संरक्षित क्षेत्र नसेल तर, केंद्राची सर्वसाधारण मंजुरी आहे. वनविभागाने त्याप्रमाणे पाहून पत्र दिलं, तिथे वेळ गेला नाही.

वेळ गेला उपअभियंत्यांकडे. ते धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे, कामाला कडक. रस्ता आदल्याच वर्षी नवा झाला होता आणि दोष दायित्व कालावधीत होता. म्हणजे खड्डा पडला तर दुरुस्ती मूळ कंत्राटदाराने आपल्या खर्चाने करायची. आपण साइडपट्टी खोदली की तोच कंत्राटदार उद्या हात वर करणार, असं त्यांचं म्हणणं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. आमच्यातल्या काहींना ते ‘अडवणूक’ वाटत होतं. मला ते कधीच तसं वाटलं नाही. रस्ता गेला तर गावकरी त्यांना विचारणार होते, टॉवरवाल्यांना नव्हे.

तोडगा असा निघाला. खोदाईआधी दर शंभर मीटरला फोटोसह संयुक्त पंचनामा, त्यावर मूळ कंत्राटदाराची सही. चर साइडपट्टीत न घेता गटाराच्या पलीकडे, रस्त्याच्या हद्दीच्या टोकाला. मोऱ्यांना हात न लावता बाजूने पाइप. फायबरची नेहमीची खोली १.६५ मीटर असते. घाटात दीड-दोन किलोमीटर काळा पाषाण होता, तिथे फोडकाम केलं तर दरड सुटण्याची भीती. म्हणून तेवढ्या भागात खांबांवरून केबल. हे ठरल्यावर उपअभियंत्यांनी स्वतः फाईल वर नेली आणि मुदत संपायच्या आत, एप्रिलच्या शेवटी परवानगी आली. मे महिन्यात सहा किलोमीटर काम उरकलं.

शेवटचे तीन किलोमीटर

परवानगीच्या पत्रातच एक ओळ होती. गावाकडचे शेवटचे सुमारे तीन किलोमीटर आमच्या ताब्यात नाहीत, जिल्हा परिषदेकडे अर्ज करावा. रस्ता सलग, डांबर एकाच वर्षीचं, पण मालक दोन. जिल्हा परिषदेकडे अर्ज गेला तो मेच्या पहिल्या आठवड्यात. तिथून ६७ दिवस म्हणजे जुलै.

जुलैत मुदत उलटली आणि काहीच उत्तर आलं नाही. कायद्याने मंजुरी मिळाली होती. इथे खरा निर्णय घ्यायचा होता. टॉवर उभारणाऱ्या कंपनीच्या वरिष्ठांचं म्हणणं, मानीव मंजुरी आहे, जेसीबी लावा. कंत्राटदार तयार नव्हता. अडवायला आलेल्या शाखा अभियंत्याला किंवा पोलिसांना सहीशिक्क्याचं पत्र दाखवता येत नाही, आणि भांडण झालं तर मशीन त्याचं अडकतं. त्याहून मोठी गोष्ट पावसाची. सातपुड्यात जुलैत ओली माती उकरली की कडा ढासळते. गावाला येणारा एकच रस्ता, त्याच रस्त्याने बाळंतपणाच्या बाया खाली नेतात. खोदायचं नाही असं ठरलं. हक्क होता तरी तो त्या महिन्यात न वापरणं बरोबर होतं, हे मी आजही तितक्याच खात्रीने सांगेन.

परिणाम मात्र सोसावा लागला. शाळेमागे टॉवर उभा, वीज आलेली, यंत्रसामग्री बसवलेली, आणि तीन किलोमीटर केबलवाचून सगळं बंद. लोक येऊन विचारायचे, ‘‘भाऊ, टॉवर तर उभा आहे, मग रेंज का येत नाही?’’ दिवाळीनंतर जिल्हा परिषदेची लेखी परवानगी घेऊन काम झालं आणि जानेवारी २०२६ मध्ये सेवा सुरू झाली.

निष्पत्ती

गावठाण आणि चार पाड्यांत रेंज आहे. रेशनचं वाटप दुकानातच होतं. रोजगार हमीची हजेरी कामाच्या जागी लागते. रस्ता पावसात टिकला, फक्त एका मोरीजवळ माती खचली आणि ती कंत्राटदाराने भरून दिली. माथ्यावरच्या खांबाची फाईल वनक्षेत्रपालांच्या शिफारशीनंतर उपवनसंरक्षकांकडे आहे. वाहिनीत खांब येतो की नाही हा प्रश्न जिल्हास्तरीय समितीपुढे मांडायचं ठरलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

संयुक्त पाहणी अर्जाच्या आधी व्हायला हवी होती, नंतर नव्हे. आणि तिला रस्त्याच्या दोन्ही मालकांनाही बोलवायला हवं होतं. त्या दिवशी जागेचा मालक कोण हे आपण बुरूज शोधून काढलं, पण त्याच टेकडीवरून दिसणाऱ्या रस्त्याचा मालक कोण हे कुणी विचारलं नाही. तो एक प्रश्न फेब्रुवारीत विचारला असता तर दोन्ही अर्ज मार्चमध्येच एकत्र गेले असते आणि मुदत मेअखेर, पावसाच्या आत संपली असती. एका पावसाळ्याची किंमत त्या गावाने मोजली.

मुदतीचा हिशेब अर्जाच्या तारखेपासून पुढे करण्याची सवय आहे. डोंगरी भागात तो पावसापासून मागे करायला हवा. जूनच्या आत खोदाई संपायची तर परवानगी एप्रिलच्या मध्यापर्यंत हवी, म्हणजे पूर्ण कागदपत्रांचा अर्ज जानेवारीच्या अखेरीस जायला हवा. त्याआधी पाहणी, म्हणजे डिसेंबरात. आणि ग्रामसभा होळीला. या क्रमात होळी अर्जानंतर येते, म्हणून जागेच्या ठरावाचं काम आदल्या वर्षीच्या होळीला संपलेलं असलं पाहिजे. असं पाहिलं तर टॉवरची जागा निश्चित करणं आणि टॉवर सुरू होणं यात सुमारे दोन वर्षं जातात, तेही सगळं सुरळीत झालं तर. योजनेच्या कागदावर इतका वेळ कुणी धरत नाही, म्हणून मग सगळ्यांना एकमेकांवर संशय येतो.

उपग्रह जोडणीवर टॉवर पावसाळ्यात तात्पुरता चालवता आला असता. तो विषय निघाला होता, पण खर्च कुठल्या शीर्षातून टाकायचा यावर थांबला. क्षमता कमी मिळाली असती, पण रेशनच्या अंगठ्याला आणि १०८ च्या फोनला ती पुरली असती. पुढच्या जागांसाठी ही तरतूद सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच असायला हवी.

मानीव मंजुरीचं काय? ती उपयोगाची नाही असं मी म्हणणार नाही. जिल्हा परिषदेकडून दिवाळीनंतर जी लेखी परवानगी पटकन निघाली, त्यामागे मुदत उलटल्याची नोंद होती, हे तिथल्या कर्मचाऱ्यांनीच बोलून दाखवलं. पण जेसीबीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला ती नोंद पुरत नाही. अशा मंजुरीनंतर जिल्हाधिकारी कार्यालयाकडून संबंधित यंत्रणेला आणि पोलीस ठाण्याला आपोआप एक पत्र गेलं, तर तिचा उपयोग रस्त्यावर होईल.

आड पडलेल्या दोन पाड्यांतली माणसं सध्या टेकडीच्या त्याच कड्यावर जातात. त्यांच्या खांबाचा ठराव, दाव्याची हद्द आणि बुरुजांचे बिंदू एकाच फाईलमध्ये लावलेले आहेत. जिल्हास्तरीय समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ती फाईल आली आहे का, हे पाहायचं काम आता ग्रामसेवकांनी स्वतःकडे घेतलं आहे.